शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक: परवाना कोणाला, कागद कोणते आणि परवान्यानंतर काय

नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, मागे कॅप बसवायची आणि चाप ओढायचा. एक बार निघाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. इतकी जुनाट वस्तू, तिला कसला आलाय परवाना, असं कोकणात आजही बरेचजण धरून चालतात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या लेखी मात्र ती बंदूकच आहे. कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय ती घेता येत नाही, घरात ठेवता येत नाही की खांद्याला लावून फिरता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान २ वर्षं आणि कमाल ५ वर्षं कैद, वर दंड अशी झाली आहे. गावातल्या कारागिराकडून बनवून घेतलेल्या बंदुकीत तर तो कारागीरही अडकतो. विनापरवाना बनवणं, विकणं आणि दुरुस्त करणंसुद्धा कलम ५ मध्ये येतं आणि त्याची शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. वर्तमानपत्रात ‘गावठी बंदुकीसह एकास अटक’ अशी बातमी येते, तिच्यातला एक हा बहुधा डुकरांनी हैराण झालेला शेतकरीच असतो.

पण याच कायद्यात शेतकऱ्याच्या बाजूचं एक वाक्य आहे आणि अर्ज करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते वाचलेलं असतं. कलम १३(३) सांगतं की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला, तर प्राधिकाऱ्याने, म्हणजे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने, तो द्यायचा आहे. ‘देऊ शकेल’ नव्हे, ‘देईल’. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला ‘सबळ कारण’ पटवून द्यावं लागतं, तसं इथे नाही. ठासणीची पुरी पडत नाही अशी प्राधिकाऱ्याची खात्री पटली, तर त्याच कारणासाठी २० इंच किंवा त्याहून लांब नळीची काडतुसाची गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: काजूची बाग किंवा भातशेती राखायची असेल, तर अर्जात ‘स्वसंरक्षण’ लिहू नका. जिवाला कोणापासून धोका आहे, तक्रार कुठे दिली, असे प्रश्न मग सुरू होतात आणि फाईल पडून राहते. ‘पीकसंरक्षण’ लिहा आणि ते कागदांनी सिद्ध करा.

पात्रतेचं फारसं अवघड नाही. वय २१ पूर्ण हवं. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेली असेल, तर ती संपल्यापासून ५ वर्षं परवाना मिळत नाही. चॅप्टर केसमध्ये, म्हणजे शांतताभंग टाळण्यासाठीच्या प्रतिबंधक कारवाईत, शांततेचं बंधपत्र लिहून दिलं असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. मनोविकार असलेल्या किंवा अन्य कारणाने अयोग्य ठरलेल्या व्यक्तीला, तसंच सार्वजनिक शांततेला बाधा येईल असं वाटलं तर, कलम १४ खाली नकार देता येतो. याच कलमात एक ओळ अशी आहे की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येणार नाही. दहा गुंठेवाल्याने ही ओळ लक्षात ठेवावी.

अर्ज कोणाकडे? जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, आणि पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त. सिंधुदुर्गातल्या माणसाला म्हणजे ओरोसला, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या गृह शाखेत जायचं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे व्यक्तीसाठी अर्जाचा नमुना ‘ए-१’ आहे. तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या एनडीएएल-एएलआयएस या पोर्टलवर भरायचा, मग छापील प्रत सह्या करून कागदांसह कार्यालयात द्यायची. शेतीसंरक्षणाच्या अर्जात जमीन कुठे आहे आणि किती क्षेत्र लागवडीखाली आहे, हा रकाना वेगळा असतो. तो मोघम भरू नका. गट नंबर, वाडीचं नाव, क्षेत्र आणि पीक, सगळं सातबाऱ्याशी जुळलं पाहिजे.

आता कागद. फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार आणि रहिवासाचा पुरावा हे नेहमीचे. त्याखेरीज शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. अर्जदार नशेच्या आहारी गेलेला नाही, असा उल्लेख त्यात हवा. बंदूक सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही हवं. हे प्रशिक्षण तुमच्या जिल्ह्यात कोण देतं, ते गृह शाखेतच आधी विचारून घ्या. नाहीतर बाकी सगळं तयार असून याच एका कागदासाठी महिने जातात.

शेतीचे कागद मात्र सविस्तर सांगायला हवेत, कारण घोडं तिथेच पेंड खातं. ताजा सातबारा आणि ८अ घ्यायचा, ई-पीक पाहणीत पीक नोंदवलेलं आहे का ते बघायचं. कोकणातल्या सातबाऱ्यावर आजोबांपासूनच्या पंधरा-वीस जणांची नावं असतात, निम्मे मुंबईत, एखादा परदेशात. अशा वेळी जमीन प्रत्यक्ष आपण कसतो हे दाखवावं लागतं. सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मिळालं तर उत्तम. सगळ्यांचं जमत नसेल, तर जेवढ्यांचं मिळेल तेवढं घ्या आणि सोबत वहिवाटीचा तलाठ्याचा दाखला जोडा. कुळाचं नाव सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात असेल, तर कुळाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा, मालकाच्या नव्हे.

आणि पंचनामे. रानडुकरांनी, गव्यांनी किंवा हत्तींनी पीक खाल्लं, की नुकसानभरपाईसाठी वनखात्याकडे अर्ज करता येतो आणि त्यासाठी पंचनामा होतो. भरपाईची रक्कम तुटपुंजी म्हणून बरेच शेतकरी त्या वाटेला जात नाहीत. पण दोन-तीन हंगामांचे पंचनामे म्हणजे ‘पीकसंरक्षण’ या कारणाचा सर्वांत भक्कम पुरावा. बंदुकीचा अर्ज पुढच्या वर्षी करायचा असेल, तरी पंचनामा या वर्षीपासून सुरू करावा. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा पोलीस पाटलाचा दाखला जोडला तर बिघडत काही नाही, पण पंचनाम्याचं वजन त्याला नाही.

अर्ज आत गेला की तो पोलीस ठाण्याकडे अहवालासाठी जातो. चारित्र्य पडताळणी होते आणि ठाण्यातून बोलावणं येतं. बऱ्याच जिल्ह्यांत तहसीलदार आणि वनखातं यांचंही मत मागवतात. पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवाल मिळाल्यावर प्राधिकाऱ्याने ६० दिवसांत निर्णय घ्यावा, असं २०१६ चे नियम सांगतात. व्यवहारात या मुदती कशा पाळल्या जातात, ते सरकारी कार्यालयाची पायरी चढलेल्या कोणालाही वेगळं सांगायला नको. मुदतीत अहवाल आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मोकळीक कायद्यानेच प्राधिकाऱ्याला दिली आहे. स्मरणपत्र लिहाल तेव्हा कलम १३ चा हा भाग त्यात जरूर लिहा, आणि पत्राची पोच घ्या.

नकार आला तर तो लेखी हवा आणि त्यात कारण हवं. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तरच कारण रोखून ठेवता येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे कलम १८ खाली अपील करता येतं. त्यासाठी ३० दिवस असतात, तेव्हा आदेश हातात पडल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी.

तुमचं गाव अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत असेल, तर गोष्ट थोडी वेगळी होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे तिथे नवा शस्त्रपरवाना देण्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती लागते आणि परवानाधारकाला नावही नोंदवावं लागतं. राधानगरी, कोयना, चांदोलीच्या कडेच्या गावांनी हे गृहीत धरूनच वेळेचा हिशेब करावा.

परवाना मिळाला की बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडून घ्यायची. दुसऱ्या परवानाधारकाकडून जुनी घेता येते, पण विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस गेल्याखेरीज ती हातात घेऊ नका. दारू, कॅप आणि छर्रेही परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच घ्यायचे. परवान्याची मुदत आता ५ वर्षं आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी करावा. आणि बंदूक तुमची म्हणजे तुमचीच. राखणीला ठेवलेल्या गड्याच्या हातात ती देऊन स्वतः घरी झोपता येणार नाही. दुसरा माणूस ती नेऊ शकतो, पण तुमच्या समक्ष किंवा लेखी अधिकारपत्राने, आणि तेही दुरुस्तीला, नूतनीकरणाला किंवा तुमच्याच वापरासाठी.

यानंतरचा भाग परवाना मिळालेल्यांनीही वाचावा. हा परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. बाग राखायला हवेत बार काढून कळप पळवणं निराळं आणि जनावर मारणं निराळं. डुकराने उभं पीक उद्ध्वस्त केलं तरी त्याला मारायला वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. सुरुवात वनक्षेत्रपालांच्या कार्यालयातून करायची. गवा आणि हत्ती अनुसूची १ मधले, म्हणजे या कायद्यात सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतले. त्यांच्याबाबत पिकाचं नुकसान हे कारण कायद्यात बसतच नाही, मग दोडामार्गात हत्तींनी केळीची अख्खी बाग का झोपवली असेना. परवानगीने मारलेलं डुक्करही कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता होतं. वाडीत वाटे घातले की गुन्हा झाला, आणि त्यात बंदूक जप्त होते, परवाना रद्द होतो, माणूस आत जातो. वर्षभर खेटे घालून मिळवलेला कागद एका रात्रीच्या मटणापायी गेल्याच्या गोष्टी कोकणात कमी नाहीत.

निवडणुकीचं एक वेगळंच दुखणं. आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करा, असा निरोप येतो. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, म्हणजे ऐन भातकापणीत. सरसकट सगळ्यांनी बंदूक जमा करावी असा नियम नाही. जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत नाव आलेले अशा परवानाधारकांची जिल्हास्तरीय छाननी समिती तपासणी करते आणि कोणाची शस्त्रं जमा करायची ते ठरवते. शेतीसंरक्षण परवानाधारकाने आपला सातबारा आणि पिकाची स्थिती दाखवून समितीकडे सूट मागावी. अर्ज लेखी द्यावा. मात्र जमा करण्याचा लेखी आदेश तुमच्या नावाने आलाच, तर वाद घालत बसू नका, बंदूक द्या आणि पावती सांभाळा.

दोन समज जाता जाता खोडून टाकतो. कर्नाटकात कोडगूला परवाना लागत नाही, मग आपल्याला का, असं विचारतात. ती सूट तिथल्या कोडव समाजाला आणि जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना कलम ४१ खाली केंद्राने खास दिलेली आहे. आपल्याकडे ती लागू नाही, गोव्यातही नाही. दुसरं, अमेरिकेतले नातेवाईक सांगतात की तिथे अशी बंदूक घरपोच येते. तिथल्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंतच्या आणि तशाच धर्तीच्या ठासणीच्या बंदुका ‘अँटिक’ म्हणून बहुतेक बंधनांतून वगळलेल्या आहेत हे खरं, पण तिथेही काही राज्यांचे नियम जास्त कडक आहेत. ती सामानात घालून इथे आणणं म्हणजे विनापरवाना आयात.

राहिली माळ्यावरची पणजोबांची बंदूक. दुरुस्त करूनही जिच्यातून बार निघणार नाही अशी निकामी किंवा पुराणवस्तू झालेली बंदूक कलम ४५ खाली कायद्याच्या बाहेर राहते. मात्र ती तशी आहे हे आपण ठरवायचं नसतं. पोलीस ठाण्याला लेखी कळवून तपासून घ्यायची. वडिलांच्या नावावर परवाना होता आणि ते गेले, तर बंदूक घरात ठेवण्याचा हक्क त्यांच्याबरोबर संपतो. ती ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने आपल्या नावाने अर्ज करायचा, इतर वारसांच्या ना-हरकतीसह. वडील हयात असतील आणि त्यांचं वय ७० झालं असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर तेच वारस नेमून परवाना त्याच्या नावावर करण्याची मागणी करू शकतात. नेमलेल्या वारसालाही वर सांगितलेली पात्रता आणि पोलीस पडताळणी चुकत नाही. मृत्यूनंतरच्या अर्जाला मूळ परवाना, मृत्यूचा दाखला आणि बंदूक जमा केल्याची पावती जोडायची.