औषध तेच, जिवाणूचं नाव तिसरं

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सां राफाएल नावाचं गाव आहे. 1957 साली तिथल्या पाइनच्या जंगलातली थोडी माती मिलानच्या एका प्रयोगशाळेत पोचली. त्या मातीतल्या एका जिवाणूने रिफामायसिन हे प्रतिजैविक दिलं आणि पुढे त्यात रासायनिक फेरफार करून रिफाम्पिसिन तयार झालं. क्षयरोगाच्या उपचारात हे औषध आजही पहिल्या फळीत आहे. त्या जिवाणूचं बारसं मात्र तीनदा झालं. आधी तो होता स्ट्रेप्टोमायसिस मेडिटरेनाय, 1969 मध्ये झाला नोकार्डिया मेडिटरेनाय आणि 1986 पासून तो अमायकोलॅटॉप्सिस मेडिटरेनाय आहे.

हा कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. त्या काळी जिवाणू ओळखायचा तो रूपावरून. पेट्री डिशमध्ये वाढलेले याच्या गटातले (ॲक्टिनोमायसीट) जिवाणू बघितले तर ते बुरशीच वाटावेत: कोरड्या, चिवट, चामड्यासारख्या वसाहती, सुईने उचलायला गेलं तर खालच्या अगारला, म्हणजे वाढीसाठीच्या जेलीला, घट्ट धरून बसणाऱ्या, वर बीजाणूंची पावडर, आणि झाकण उघडताच पहिल्या पावसाचा वास. (तो वास जिओस्मिनचा, आणि पावसात मातीला येणारा वासही बराचसा याच मंडळींचा.) मग बीजाणूंचा रंग, साखळीचा आकार, कोणती साखर पचते, अशा नोंदी करून नाव ठरायचं. पुढे पेशीभित्तीचं रसायन तपासलं, तेव्हा रिफामायसिनवाला स्ट्रेप्टोमायसिसमध्ये बसेना. नोकार्डियात नेऊन ठेवला, तर तिथल्या मंडळींकडे असणारी मायकोलिक आम्लं (लांब साखळीची मेदाम्लं) याच्याकडे नव्हतीच.

1970 च्या दशकात अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूझ यांनी रायबोसोममधल्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेतल्या) आरएनएची अक्षरं जुळवून जिवाणूंची नाती शोधायचा मार्ग घालून दिला. '16एस' नावाचं सुमारे 1500 अक्षरांचं ते जनुक प्रत्येक जिवाणूत असतं आणि फार सावकाश बदलतं. ते दूरच्या नात्यांसाठी उत्तम, पण जवळच्या नात्यांत तोकडं पडतं. स्ट्रेप्टोमायसिसच्या काही वेगवेगळ्या प्रजातींत ते अक्षरन् अक्षर सारखं निघतं. किटासाटोस्पोरा या वंशाची तर परवडच झाली. 1982 मध्ये तो वेगळा मांडला गेला, 1992 मध्ये स्ट्रेप्टोमायसिसमध्ये विलीन झाला आणि 1997 मध्ये पुन्हा वेगळा काढला गेला.

संपूर्ण जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए, वाचता येऊ लागला तेव्हा 1500 ऐवजी ऐंशी-नव्वद लाख अक्षरं हाताशी आली. तुलनेची एक रीत अगदी सरळ आहे. एका जिवाणूच्या जीनोमचे हजारभर अक्षरांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याची जोडी दुसऱ्याच्या जीनोममध्ये शोधायची आणि किती टक्के अक्षरं जुळतात त्याची सरासरी काढायची. सरासरी 95-96 टक्क्यांच्या वर गेली तर प्रजाती एकच मानतात. ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. दोन जिवाणूंचे डीएनए एकमेकांशी किती जुळून चिकटतात ते बघणाऱ्या जुन्या, किचकट डीएनए-संकर चाचणीच्या 70 टक्क्यांच्या निकषाशी मेळ बसावा म्हणून माणसाने ती ठरवली आहे. ती बऱ्यापैकी चालते, एवढंच तिचं समर्थन.

पण औषध शोधणाऱ्याला खरा रस असतो तो नात्यापेक्षा कसबात. 2002 मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरचा जीनोम प्रसिद्ध झाला: 86 लाख 67 हजार अक्षरं आणि 7,825 संभाव्य जनुकं. निळं रंगद्रव्य सोडणारा हा जिवाणू कित्येक वर्षं अभ्यासात होता, त्याची प्रतिजैविकांसारखी मोजकीच संयुगं माहीत होती. जीनोममध्ये मात्र अशी संयुगं बनवणारे वीसहून जास्त जनुकगट निघाले. एकेका संयुगाची जनुकं बहुधा शेजारी शेजारी, एकाच ओळीत बसतात, म्हणून ती ओळखता येतात. हे काम करणारी अँटीस्मॅश ही संगणक-प्रणाली 2011 पासून उपलब्ध आहे. असे सापडलेले बरेच जनुकगट प्रयोगशाळेत गप्पच राहतात. हवं ते अन्न आणि उबेची जागा आयती मिळाल्यावर त्यांना जागं व्हायचं कारणच उरत नसावं.

आणि इथेच वर्गीकरणाची गंमत आहे. पेशी चालवणारी मूलभूत जनुकं आईकडून लेकीकडे जातात, त्यांच्यावरून घराणं कळतं. संयुगांचे गट मात्र कधी कधी शेजाऱ्याकडूनही येतात. त्यामुळे एकाच प्रजातीतले दोन जिवाणू वेगवेगळी संयुगं बनवू शकतात आणि लांबच्या घराण्यातले दोघे एकच. म्हणून आता प्रत्येक नव्या जिवाणूसाठी दोन तक्ते बनवतात, एक नात्याचा आणि एक जनुकगटांचा. दुसऱ्या तक्त्यात ओळखीचा गट दिसला की तेवढ्यासाठी महिनोन्‌महिने मेहनत घेऊन पुन्हा जुनंच स्ट्रेप्टोमायसिन हाती येण्याचा मनस्ताप वाचतो. मला हा फायदा नव्या प्रजातीच्या नावापेक्षा मोठा वाटतो.

अडचण येते ती जीनोमच्या वाचनातच. एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचं उदाहरण घ्या. (त्याचा जिवाणूही आधी स्ट्रेप्टोमायसिसच होता, आता सॅकरोपॉलिस्पोरा आहे.) त्याचा सांगाडा तीन अवाढव्य प्रथिनं मिळून बांधतात. त्यांत सहा विभाग आहेत, प्रत्येक विभाग वाढत्या साखळीला एकेक कडी जोडतो आणि शेवटी 14 अणूंचं कडं तयार होतं. हे विभाग एकमेकांसारखे, म्हणून त्यांची जनुकंही एकमेकांसारखी. शेदोनशे अक्षरांचे छोटे तुकडे वाचून जीनोम जुळवायला बसलं की एकाच रंगाच्या आकाशाचं कोडं सोडवल्यासारखं होतं. कुठला तुकडा कुठे बसतो ते कळत नाही आणि जुळणी नेमकी हव्या त्या जनुकगटात तुटते. त्यात स्ट्रेप्टोमायसिसच्या डीएनएमध्ये ग्वानिन आणि सायटोसिन या दोन अक्षरांचा भरणा 72 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे वाचणारं यंत्रही अडखळतं. हजारो अक्षरं सलग वाचणारी नवी यंत्रं आल्यापासून अख्खा गट एका दमात वाचता येतो.

त्यामुळे जुन्या कुप्या पुन्हा उघडल्या जात आहेत. नव्या प्रजातीचं नाव मान्य व्हायचं तर तिचा नमुना जिवंत स्वरूपात किमान दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, आणि असे संग्रह असल्याने दशकांपूर्वी गोठवून वाळवलेले नमुने आजही मिळतात. रिफामायसिनवाल्याच्या वंशावळीतल्या एका वाणाचा जीनोम 2010 मध्ये वाचून झाला. स्ट्रेप्टोमायसिसचं गुणसूत्र दोन मोकळ्या टोकांच्या दोरीसारखं असतं. याचं निघालं गोल, एक कोटी दोन लाख अक्षरांचं.