झेन, कुदळ आणि धंदा : एक पार्श्वभूमी

मागच्या मे महिन्यात जळगावच्या एका हॉटेलात 'झेन आणि संकटातलं नेतृत्व' असं शिबिर होतं. तीस-चाळीस जण, डाळमिलवाले, पाइपवाले, चटईवाले आणि काही केळीवाले. वक्त्याने सगळ्यांना डोळे मिटायला लावले. माझ्या शेजारी बसलेले रावेरकडचे अप्पा एक डोळा उघडा ठेवून मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघत होते. त्यांची केळीची बाग निसवलेली होती, म्हणजे झाडांना घड आलेले होते, आणि मेमधलं एक वादळ घडासकट खोड आडवं करतं. चहाला उठल्यावर म्हणाले, "भाऊ, डोळे मिटून वारा थांबतो का?"

प्रश्न रास्त आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

झेन म्हणजे ध्यानावर भर देणारा बौद्ध मार्ग. शब्द तर आपलाच. संस्कृतात ध्यान, पालीत झान, चिनी तोंडात चान आणि जपानीत झेन. परंपरा सांगते की बोधिधर्म नावाच्या दक्षिण भारतीय भिक्षूने हा मार्ग इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात चीनला नेला. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी, चाळीसगावजवळच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी कोरली गेली. तिथल्या एका खांबावर पैठणच्या गंधिकाचं, म्हणजे अत्तरवाल्याचं नाव दाता म्हणून आहे. व्यवस्था सरळ होती : भिक्षूंनी साधना करायची, खर्च व्यापाऱ्याने उचलायचा.

चीनमध्ये या व्यवस्थेला धक्का लागला. बाइजांग (७२० ते ८१४) या चान गुरूने मठातल्या प्रत्येकाला, स्वतःसकट, शेतात उतरवलं. म्हातारपणी शिष्यांना त्यांची दया आली, म्हणून त्यांनी गुरूची कुदळ-फावडी लपवून ठेवली. बाइजांग काही बोलले नाहीत, फक्त जेवायला आले नाहीत. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी अन्न नाही, हा त्यांचा नियम. शिष्यांनी मुकाट्याने अवजारं परत आणून दिली.

बाइजांग गेल्यावर सुमारे तीस वर्षांनी, ८४५ मध्ये, सम्राट वूत्सोंगने बौद्ध मठांवर वरवंटा फिरवला. सरकारी नोंदीप्रमाणे ४,६०० मठ मोडले, अडीच लाखांवर भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत पाठवलं. दरबाराच्या आणि धनिकांच्या दानावर उभे असलेले संप्रदाय यातून पुन्हा नीट सावरले नाहीत. चानवालेही होरपळले, पण त्यांचे बरेच मठ राजधानीपासून लांब, डोंगरात होते, आणि पोटासाठी शेत होतं. ते लवकर उभे राहिले. मला तरी झेनची चिवटता इथं सापडते. शिबिरात मात्र ८४५ चा उल्लेखही झाला नाही.

पुढे जपान. १२२३ मध्ये चीनला गेलेल्या दोगेन या जपानी भिक्षूला एका मठात भर उन्हात अळंबी वाळवणारा म्हातारा आचारी दिसला. हे काम दुसऱ्या कुणाला का देत नाही, असं दोगेनने विचारलं. उत्तर आलं, दुसरा म्हणजे मी नव्हे. दोगेन परतला आणि १२३७ मध्ये त्याने मठातल्या आचाऱ्यासाठी एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. सामुराईंनीही झेन उचललं, आणि विसाव्या शतकात काही झेन गुरूंनी जपानी लष्करशाहीचीही पाठराखण केली, हेही याच इतिहासात येतं.

धंद्याशी गाठ पडली ती १९५९ च्या सुमारास. त्या वर्षी जपानी झेन गुरू शुन्र्यु सुझुकी अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोला पोचले, आणि त्याच वर्षी क्योतोत काझुओ इनामोरींनी सिरॅमिकची कंपनी काढली, आजची क्योसेरा. तेलसंकटानंतर १९७४ मध्ये तिच्या ऑर्डरी काही महिन्यांत दहाव्या हिश्शावर आल्या. इनामोरींनी कुणाला काढलं नाही. हात रिकामे असलेल्यांना कारखान्याची झाडलोट आणि आवारातलं गवत काढायला लावलं. बाइजांगनी ही रीत लगेच ओळखली असती. इनामोरींनी १९९७ मध्ये झेन भिक्षूची दीक्षा घेतली. २०१० मध्ये दिवाळखोर जपान एअरलाइन्सची सूत्रं त्यांनी बिनपगारी हाती घेतली. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात आली. मात्र त्या पुनर्रचनेत सुमारे १६,००० नोकऱ्या गेल्या. ही बाजू सोडून इनामोरींची गोष्ट सांगणं म्हणजे निम्मी गोष्ट सांगणं.

खान्देशाने धंदा आणि तत्त्वज्ञान एका गावात नांदवून पाहिलंय. अमळनेरचे गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तिथं तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी तिथं राहून शिकले. तत्त्वज्ञ टी. आर. व्ही. मूर्तीही काही काळ तिथं होते. १९५५ मध्ये मूर्तींचा माध्यमिक या बौद्ध पंथाच्या शून्यवादावरचा ग्रंथ आला, आणि तो शून्यवाद चानच्या पायातला एक मोठा दगड. म्हणजे पितळखोऱ्याचीच रीत : खर्च शेठचा, चिंतन पंडितांचं.

अप्पा दुपारच्या सत्राला थांबले नाहीत. घडांना टेकू द्यायला बांबू कमी पडत होते, ते गाडीत टाकून त्यांना ऊन उतरायच्या आत बागेत पोचायचं होतं.