जबडा सरळ करायचा तर आधी दात वाकडे करावे लागतात

डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी असलेला चेहरा जवळजवळ सापडतच नाही. कुणाच्याही समोरून काढलेल्या फोटोचा उभा अर्धा भाग घ्यावा, त्याचंच उलटं रूप दुसऱ्या बाजूला जोडावं. तयार होणारा चेहरा त्याच्या आईलाही परका वाटेल. एक भुवई किंचित वर, एक गाल थोडा भरलेला, हे सगळ्यांचंच असतं. हनुवटी मधल्या रेषेपासून २-३ मिलिमीटर सरकलेली असली तरी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साधारण ४ मिलिमीटरच्या पुढे मात्र बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, आणि नेमकं काय खटकतंय हे त्याला सांगता येत नाही.

ज्याचा चेहरा आहे त्याला हे बऱ्याचदा उशिरा कळतं. आरशात आपण स्वतःला उलटं बघतो आणि त्या उलट्या चेहऱ्याची वर्षानुवर्षं सवय झालेली असते. फोटोत तोच तिरकेपणा दुसऱ्या बाजूला दिसतो आणि एकदम दुप्पट वाटतो. मग ‘हनुवटी वाकडी आहे’ अशी तक्रार घेऊन माणूस डॉक्टरकडे जातो. तक्रार खरी असते, पण वाकडेपणाचं मूळ बहुतेक वेळा हनुवटीत नसतंच.

कानाच्या भोकासमोर बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली एक गोळी पुढे सरकताना जाणवते. ते खालच्या जबड्याचं टोक, कॉन्डाइल. खालचा जबडा म्हणजे कमानीच्या आकाराचं एकच हाड, दोन्ही टोकांना एकेका सांध्यात अडकवलेलं. एक सांधा हलला की दुसऱ्याला हलावंच लागतं. लहानपणी जबडा वाढतो त्यात या टोकांवरच्या कूर्चेचा, म्हणजे मऊ लवचीक हाडाचा, वाटा मोठा असतो. दोन्ही बाजूंची वाढ बरोबरीने झाली तर हनुवटी मध्यावर राहते. एक बाजू पुढे निघून गेली तर हनुवटी विरुद्ध बाजूला ढकलली जाते.

असं का होतं याची कारणं बरीच आहेत. किशोरवयात किंवा विशीत एकीकडची कॉन्डाइल वाढायची थांबतच नाही, हे त्यातलं प्रसिद्ध कारण. स्त्रियांमध्ये ते जास्त आढळतं. १९८६ मध्ये ओब्वेगेसर आणि माकेक या सर्जनांनी या वाढीचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एकात जबडा आडवा लांबतो आणि हनुवटी दुसऱ्या बाजूला जाते. दुसऱ्यात तो उभा वाढतो. हनुवटी फारशी सरकत नाही, पण चेहऱ्याची एक बाजूच खाली उतरल्यासारखी दिसते. याच्या नेमकं उलटंही घडतं. लहानपणी मूल हनुवटीवर आपटतं, टाके घालून जखम भरते, पण कानापुढे मोडलेल्या कॉन्डाइलकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्या बाजूची वाढ खुंटली तर काही वर्षांनी हनुवटी दुखावलेल्या बाजूला वळते. म्हणजे उजवीकडे गेलेल्या हनुवटीचा अर्थ डावी बाजू जास्त वाढली असा असू शकतो, किंवा उजवी कमी वाढली असाही. समोरून बघून हे ओळखता येईलच असं नाही. लहान वयातला संधिवात, चेहऱ्याची एक बाजू आणि कान जन्मतःच अपुरे वाढलेले असणं, मान एका बाजूला आखडलेली असणं, हीही कारणं आहेतच. एका कुशीवर झोपल्याने किंवा एकाच बाजूने चावल्याने मोठ्या माणसाचं हाड वाकडं होतं, असं मात्र हाडांचा अभ्यास सांगत नाही. चावण्याने वाढला तर गालातला स्नायू वाढतो.

आता यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. जबडा वाकडा वाढत असताना शरीर स्वस्थ बसत नाही, ते ही चूक झाकत असतं. दाताला समोरचा दात लागेपर्यंत तो बाहेर येत राहतो. खालचा जबडा एका बाजूला खाली उतरू लागला की त्या बाजूचे वरचे दात त्याच्या मागोमाग खाली येतात, आणि त्यांच्याबरोबर वरच्या जबड्याचं हाडही. वाढ फार वेगाने झाली तर दातांना गाठता येत नाही आणि त्या बाजूला फट राहते. सावकाश झाली तर चावा, म्हणजे वरच्या आणि खालच्या दातांची जुळणी, जवळपास नीट राहतो. खालचे दात एका अंगाला कलतात, वरचे दुसऱ्या. माणूस नकळत मानही तिरकी धरू लागतो. तपासताना डॉक्टर दातांमध्ये एक सपाट लाकडी पट्टी आडवी धरायला लावतात आणि तिची तुलना दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांना जोडणाऱ्या रेषेशी करतात. चेहऱ्यावर ज्याचा पत्ताच नव्हता तो कल पट्टीवर लगेच दिसतो.

उपचाराची खरी अडचण इथेच आहे. सर्जन जबडा दातांच्या आधाराने बसवतो. शरीराने जुळवून घेतलेल्या त्या कललेल्या दातांवर जबडा बसवला तर हाडाचा बराच तिरकेपणा तसाच राहील. म्हणून ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात हलवून जागेवर आणणारा डॉक्टर, आधी ब्रेसेस लावून शरीराने केलेली ही जुळवाजुळव मोडतो. प्रत्येक दात आपापल्या हाडावर जिथे असायला हवा तिथे उभा केला जातो, समोरचा दात कुठे आहे याची पर्वा न करता. याला बहुधा १२ ते १८ महिने लागतात आणि या काळात सगळंच बिघडत जातं. चावा जुळेनासा होतो, घास नीट तुटत नाही, तिरकेपणा आधीपेक्षा जास्त दिसतो. हे आधी सांगितलेलं नसेल तर रुग्ण घाबरतो, आणि त्याचं काही चुकत नाही. हा काळ टाळण्यासाठी आधी शस्त्रक्रिया आणि मग ब्रेसेस अशीही पद्धत गेल्या काही दशकांत रुळली आहे. पण तिच्यात दात पुढे कुठे जातील याचा अंदाज आधीच बांधावा लागतो, म्हणून ती प्रत्येकाला लागू पडत नाही.

त्याहीआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: वाढ थांबली आहे का? ती चालू असताना जबडा सरळ केला तर तो पुन्हा वाकडा होणार. यासाठी टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन बोन स्कॅन करतात. जिथे हाड घडत असतं तिथे ते जास्त जमतं. दोन्ही कॉन्डाइलचा वाटा निम्मा-निम्मा असायला हवा. एकीचा ५५ टक्क्यांच्या पुढे गेला तर वाढ चालू असल्याचा संशय घेतात. पण सांध्याला सूज असली तरी स्कॅनवर ती बाजू उजळते, म्हणून सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने घेतलेले फोटो, एक्स-रे आणि दातांचे साचे ताडून बघितल्याशिवाय निर्णय होत नाही. वाढ चालूच असेल तर थांबायचं, नाहीतर कॉन्डाइलच्या माथ्यावरचा काही मिलिमीटरचा थर काढून ती बंद करायची.

मग आखणी. सीटी स्कॅन आणि दातांचं डिजिटल स्कॅन एकत्र करून संगणकावर कवटी उभी करतात आणि जबडे आधी तिथे कापून, हलवून बघतात. तिरकेपणा तीन अक्षांवर मोजला जातो आणि त्यांची नावं विमानशास्त्रातून आली आहेत: रोल म्हणजे डावी-उजवी बाजू वर-खाली होणं, पिच म्हणजे पुढचा भाग वर-खाली होणं, आणि यॉ म्हणजे सगळा जबडा उभ्या अक्षाभोवती फिरलेला असणं. यॉ फसवा असतो. मधली रेषा अगदी जुळलेली, ओठ समतल, तरी एका बाजूला जबड्याचा कोपरा बाहेर आणि दुसरीकडे गाल बसलेला. डोळ्यांनी चुकलेला यॉ सीटी स्कॅनमध्ये सापडतो, आणि माझ्या मते संगणकावरच्या आखणीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

जबडा कापून हलवायची कल्पना जुनी आहे. १८४९ मध्ये अमेरिकेतले सर्जन सायमन हलिहेन यांनी खालच्या जबड्यावर पहिली अशी शस्त्रक्रिया केली; भाजल्याच्या व्रणांमुळे तो जबडा ओढला गेला होता. वरच्या जबड्याची वाट फ्रेंच सर्जन रेने ल फोर यांच्या १९०१ च्या प्रयोगांतून मिळाली. त्यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून बघितले. चेहऱ्याची हाडं कशीही फुटत नाहीत, ठरावीक तीन रेषांवर फुटतात, असं त्यांना दिसलं. त्यातली सगळ्यात खालची, दातांच्या मुळांच्या वरून जाणारी रेषा आज सर्जन करवतीने मुद्दाम कापतात. पण कवटीपासून पूर्ण सुटा केलेला वरचा जबडा जगणार कसा, ही भीती बरीच वर्षं होती. अमेरिकी सर्जन विल्यम बेल यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की टाळू आणि गालाकडच्या हिरडीतून होणारा रक्तपुरवठा त्याला पुरतो.

खालच्या जबड्याची युक्ती ट्राउनर आणि ओब्वेगेसर या सर्जनांची, १९५७ ची. डाल पोन्ट यांनी १९६१ मध्ये ती सुधारली. दाढांच्या मागे जबड्याला आतला आणि बाहेरचा असे दोन घट्ट थर असतात. हाड आडवं न कापता लांबीच्या दिशेने या दोन थरांमध्ये फोडायचं. मग तळहातावर तळहात ठेवून एक पुढे सरकवावा तसे ते एकमेकांवर सरकतात आणि हाडाला हाड टेकलेलं राहतं, त्यामुळे भरूनही येतं. जबडा तिरका नसलेल्या रुग्णात दोन्ही बाजू सारख्याच सरकवतात. तिरक्या जबड्यात दोन्ही बाजू वेगवेगळ्या सरकतात, बऱ्याचदा एक पुढे आणि दुसरी मागे.

ऑपरेशनच्या दिवशी भुलीची नळी नाकातून घालतात, कारण मध्येच दात मिटवून बघावे लागतात. काप बहुतेक सगळे तोंडाच्या आतून. बहुधा वरचा जबडा आधी सुटा करतात. खाली उतरलेल्या बाजूला हाडाची पाचर काढून तो वर नेतात, दुसऱ्या बाजूला गरजेप्रमाणे खाली घेतात. नवी जागा दाखवायला अ‍ॅक्रिलिक या प्लास्टिकची एक पातळ चकती असते. तिच्यात दातांचे ठसे असतात आणि ती दोन जबड्यांच्या मध्ये बसते. दात तिच्यात चपखल बसले की टायटॅनियमच्या प्लेटा आणि स्क्रू लावतात. मग खालचा जबडा, मग शेवटची चकती. एवढं करूनही हनुवटी मध्यावर आली नाही तर तिचा तुकडा वेगळा कापून सरकवतात. दोन्ही जबड्यांना मिळून तीन ते पाच तास सहज जातात.

नुसती हनुवटी सरकवून किंवा फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचायचं जेल, भरून भागत नाही का? चावा ठीक असेल, ओठ समतल असतील आणि फरक लहान असेल तर भागतं, आणि अशा माणसाला दोन जबड्यांच्या ऑपरेशनला पाठवणं हा अतिरेक आहे. दुसऱ्या टोकाला असाही माणूस असतो की ज्याच्या चेहऱ्यावर इतरांना काहीच दिसत नाही, पण त्याचा दिवस आरशापुढे जातो. त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. करवतीने त्याचं समाधान होण्याची शक्यता फार कमी.

ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज कळसाला पोचते. ती दोन्हीकडे सारखी नसते, त्यामुळे चेहरा उलट्या बाजूला वाकडा झाल्यासारखा वाटतो. प्लेटा येण्याआधी दोन्ही जबडे सहा आठवडे तारेने बांधून ठेवत; आता बहुधा छोटे रबर बँड पुरतात. सहा आठवडे तरी चावायचं नाही, आधी पातळ आणि मग मऊ. वजन उतरतंच. वरचा जबडा हलवला असेल तर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही.

सगळ्यात जास्त काळ सोबत करतो तो खालच्या ओठाचा बधिरपणा. खालच्या जबड्याच्या हाडातूनच एक संवेदना वाहणारी नस जाते, आणि हाड फोडताना ती ताणली जाते. ओठ हलतो, हसता येतं, कारण ती हालचाल दुसऱ्या नसेकडे आहे. पण हनुवटीवरून पाणी ओघळतंय हे कळत नाही, समोरचा माणूस खूण करतो तेव्हा कळतं. मग मुंग्या येऊ लागतात. नस सावरत असल्याचं ते लक्षण. बहुतेकांची जाणीव काही महिन्यांत बरीचशी परतते. काहींच्या ओठावर किंवा हनुवटीवर एखादा भाग कायमचा बधिर राहतो, आणि वय जास्त असेल तर ही शक्यता वाढते. शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी यावर सर्जनशी मोकळेपणी बोलून घ्यावं.

आणि हाड मिलिमीटरपर्यंत सरळ झालं तरी चेहरा तितका सरळ होतोच असं नाही. वर्षानुवर्षं वाकड्या सांगाड्यावर वाढलेले स्नायू आणि चरबी दोन्हीकडे सारखी नसतात, ती हाडाच्या मागे पूर्णपणे येत नाहीत. म्हणून गालात चरबी भरणं, जबड्याचा कोपरा तासणं असल्या लहान दुरुस्त्यांचा निर्णय सूज पूर्ण उतरून चेहरा स्थिर होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, लांबवतात. तोवर ब्रेसेस निघून, दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर आलेला असतो. प्लेटा हाडावरच राहतात, आणि त्रास देत नसतील तर कुणी त्या काढायला जात नाही.