टाटांचे पौंड, नागपाड्याचे वर्ग : मुंबईच्या सामाजिक अभ्यासाची पार्श्वभूमी

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दोनच वर्षांत सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा केला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या आणि तिथली माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. ती जातील कुठे, भाडं किती देऊ शकतील, हे आधी कुणी तपासलंच नव्हतं. पैसा होता, माहिती नव्हती.

ही उणीव आधी स्वयंसेवकांना जाणवली. ना. म. जोशींनी १९११ मध्ये काढलेली सोशल सर्व्हिस लीग रात्रशाळा नि वाचनालयं चालवी. सामाजिक परिस्थितीची माहिती जमवणं हाही तिचा उद्देश होता. सरकार जागं झालं ते गिरणी कामगारांच्या संपांनंतर. १९२१ मध्ये लेबर ऑफिस निघालं, कामगार कुटुंबांचे जमाखर्च नोंदले गेले आणि त्यातली ९७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहतात हे कागदावर आलं.

गंमत अशी की दारिद्र्याच्या अभ्यासाला टाटांचा पैसा आधी मिळाला तो लंडनला! १९१२ मध्ये सर रतन टाटांनी लंडन विद्यापीठाला वर्षाला १,४०० पौंड देऊ केले. दारिद्र्य टाळायचं कसं, हे शोधण्यासाठी. त्यातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आर्थिक इतिहासकार आर. एच. टॉनींच्या हाताखाली संशोधन सुरू झालं. साखळ्या बनवणारे कारागीर, शिंपीकाम करणारे मजूर यांच्या किमान वेतनावर अहवाल निघाले. ते सगळे इंग्लंडमधले.

मुंबईची पाळी यायला आणखी दोन तपं गेली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये इथे आले आणि दोन वर्षांत त्यांनी भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केलं. मिशनरी असूनही त्यांचा भर वस्तीतल्या रोजच्या अडचणींवर होता. १९३२ मध्ये सर दोराबजी टाटा वारले, त्यांची संपत्ती त्यांच्याच नावाच्या ट्रस्टकडे आली आणि ती खर्चायची कशी हा प्रश्न विश्वस्तांपुढे उभा राहिला. दारात येईल त्याला थोडं थोडं देत राहण्यापेक्षा शिकलेले कार्यकर्ते तयार करा, हा मॅन्शार्ट यांचा सल्ला त्यांनी मानला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय तोच. १९३६ मध्ये नेबरहूड हाउसमध्येच समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते. १९४४ मध्ये तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि १९५४ मध्ये ती देवनारला गेली.

देवनारच्या काळात अभ्यासाला प्रत्यक्ष कामाची जोड मिळाली. १९८४ मध्ये संस्थेच्या पुढाकाराने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया नि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. घरात मार खाणाऱ्या बाईला पोलिसांच्या छपराखाली समाजकार्यकर्ती भेटू लागली. हा कक्ष पुढे राज्य सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. २०११ पासून संस्थेने गोवंडी-मानखुर्दच्या एम-पूर्व प्रभागात, म्हणजे आपल्या दारातच, मोठा प्रकल्प हाती घेतला. इतक्या उशिरा का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

अशा कामाचं मनुष्यबळ बहुधा अनुदानावर आणि मुदतीच्या करारांवर चालतं. जून २०२४ मध्ये याच संस्थेने टाटा एज्युकेशन ट्रस्टचा निधी न आल्याचं सांगून शंभरावर शिक्षक-कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याच्या नोटिसा दिल्या. ट्रस्टने निधीचं आश्वासन दिल्यावर त्या दोनच दिवसांत मागे घेण्यात आल्या.