ब्रिटनच्या मूरवर हॅरियर कुठे नाहीसे होतात?

उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या उंच भागांत हेदर या जांभळ्या फुलांच्या झुडपांनी झाकलेले विस्तीर्ण माळ आहेत. त्यांना मूर म्हणतात. हेन हॅरियर हा शिकारी पक्षी याच झुडपांत, जमिनीवर, घरटे करतो. हिवाळ्यात दख्खनच्या माळरानांवर गवताला जवळजवळ स्पर्श करत उडणारे भोवत्या पक्षी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्याची उडण्याची ढब ओळखीची वाटेल, कारण तोही त्याच कुळातला आहे. १९८१ च्या वन्यजीवविषयक कायद्यानुसार त्याला मारणे हा गुन्हा आहे. तरीही, तीनशेहून अधिक जोड्या सामावतील इतका योग्य अधिवास असलेल्या इंग्लंडमध्ये २०१३ साली एकाही जोडीची पिल्ले यशस्वीपणे वाढली नाहीत.

यामागचे कारण ग्राउझ नावाच्या पक्ष्याच्या शिकारीत आहे. दरवर्षी १२ ऑगस्टला हंगाम सुरू होतो. हाकारे ग्राउझचे थवे उठवतात आणि आडोशाला उभे असलेले, त्यासाठी मोठी रक्कम मोजलेले शिकारी ते टिपतात. अशा शिकारीसाठी ग्राउझची संख्या फार दाट असावी लागते आणि हॅरियर ग्राउझची पिल्ले खातो. मूरमालकांची ही तक्रार खोटी नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दक्षिण स्कॉटलंडमधील लँगहोम येथे हॅरियरना पूर्ण संरक्षण मिळाल्यावर १९९२ मध्ये दोन असलेल्या प्रजननक्षम माद्या १९९७ पर्यंत वीस झाल्या आणि त्यांच्यामुळे शरद ऋतूतील ग्राउझची संख्या जवळपास निम्म्याने घटली. तेथील शिकार बंद पडली, ग्राउझच्या रक्षणासाठी कोल्हे मारणारे मूरचे राखणदार गेले. मग कोल्हे वाढले आणि जमिनीवर घरटी करणारे हॅरियरही कमी झाले. म्हणजे ज्या राखणदारांपैकी काहींवर हॅरियर मारल्याचा संशय घेतला जातो, त्यांच्याच कोल्हे मारण्याच्या कामाचा हॅरियरलाही फायदा होत होता.

निर्जन मूरवर झाडलेली गोळी कोणी ऐकत नाही आणि मृत पक्षी लगेच पुरता येतो. मग गुन्हा घडला हे कळणार कसे? येथे उपग्रह-टॅग उपयोगी पडला. पक्ष्याच्या पाठीवर बसवलेले हे सौरऊर्जेवर चालणारे यंत्र त्याचे ठिकाण कळवत राहते. पक्षी नैसर्गिकरीत्या मेला, तर टॅग सहसा एकाच जागेवरून संकेत देत राहतो आणि मृतदेह शोधता येतो. मात्र व्यवस्थित चाललेला टॅग कोणतीही पूर्वसूचना न देता एकदम मुका झाला आणि शोधूनही काही सापडले नाही, तर तो नष्ट केल्याचा संशय बळावतो. एखादा टॅग बिघडूही शकतो, म्हणून एका घटनेवरून निष्कर्ष काढता येत नाही. पण बिघाड नकाशा पाहून होत नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५८ हॅरियरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांतील ७२ टक्के पक्षी बेकायदा मारले गेल्याचे सिद्ध झाले किंवा तशी दाट शक्यता आढळली. ग्राउझच्या मूरने व्यापलेल्या भागांत मरण्याचा किंवा नाहीसे होण्याचा धोका, असे मूर नसलेल्या भागांच्या तुलनेत दहापट होता.

सोनेरी गरुडांचीही हीच कथा आहे. स्कॉटलंडमध्ये २००४ ते २०१६ या काळात टॅग लावलेल्या १३१ तरुण गरुडांपैकी ४१ संशयास्पद रीतीने नाहीसे झाले. त्याच देशात २०१६ मध्ये गायब झालेल्या एका गरुडाचा टॅग २०२० मध्ये ब्रान नदीच्या काठी सापडला, तोही शिशाच्या पत्र्यात गुंडाळलेला. संकेत दाबण्यासाठी कोणीतरी विचारपूर्वक केलेले हे काम होते, याहून वेगळा अर्थ मला तरी लावता येत नाही.

मार्ग नाहीत असे नाही. लँगहोमलाच घरट्याजवळ हॅरियरना आयते खाद्य पुरवले, तेव्हा त्यांनी घरट्यात आणलेल्या ग्राउझच्या पिल्लांचे प्रमाण ८६ टक्क्यांनी घटले. पण ज्याला पकडले जाण्याची भीती नाही, तो हे कष्ट घेईलच असे नाही. म्हणून २०२४ चा स्कॉटलंडचा कायदा मला महत्त्वाचा वाटतो: त्यानुसार ग्राउझच्या शिकारीला परवाना लागतो आणि शिकारी पक्ष्यांविरुद्ध गुन्हा घडल्याचे दिसल्यास, कोणाला शिक्षा झालेली नसली तरी, तो निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. इंग्लंडमध्ये, जिथे २०२३ च्या गणनेत केवळ ५० च्या आसपास जोड्या आढळल्या, असा कायदा झालेला नाही.