गॅसचा वास आणि गिझरचा बिनवासाचा वायू: थंडीत यांची गल्लत जिवावर बेतते

थंडी पडली की बाथरूममध्ये गॅस गिझर असलेल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "वास तर येत नाहीये, मग गळती नाही." गळती नसेलही, पण त्या बाथरूममध्ये आंघोळ करणं सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ होत नाही. वास येतो तो न जळलेल्या गॅसचा. आंघोळ करता करता माणसाला पाडतो तो कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेल्या गॅसपासून तयार होणारा. त्याला ना वास, ना रंग. डोळेसुद्धा चुरचुरत नाहीत.

आधी वासाचं पाहू. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. हे रसायन गॅसपेक्षा सावकाश उडतं, म्हणून सिलिंडर संपत आला की वास जास्त येतो. तरीही 'संपत आला असेल' म्हणून सोडून देऊ नका, साबणाचा फेस लावून बघा. रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं, शेगडीचे नॉब, जिथे बुडबुडे येतील तिथे गळती. काडी ओढून कधीच तपासू नका. हवेत साधारण 2 टक्के गॅस झाला तरी तो पेट घेतो.

वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. पंखा, एक्झॉस्ट, फ्रिजचा प्लग, कशालाच हात लावू नका. नॉब बंद करा, रेग्युलेटर बंद करून काढा, सिलिंडरला टोपण लावा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडून 1906 वर फोन करा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे ओट्याखाली, जमिनीलगत साचतो, म्हणून दार उघडणं महत्त्वाचं. मुंबई-पुण्याकडे येणारा पाइपचा गॅस हलका, तो छताशी जमतो. तिथे वरच्या खिडक्या उघडा आणि मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा. दांडी पाइपला आडवी झाली की तो बंद.

आता गिझर. मिनिटाला 6 लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला सुमारे 1 किलो गॅस जाळतो. 10 मिनिटांच्या आंघोळीत साधारण 160 ग्रॅम, आणि तेवढा नीट जळायला 2 घनमीटर हवा लागते. 4 बाय 6 फुटांच्या, 8 फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून हवाच साडेपाच घनमीटर. खिडकी लावलेली, दाराच्या फटीत पायपुसणं, मग पुढचा गॅस अर्धवट जळणारच. निळी ज्योत पिवळी पडते, पण डोक्यावर पाणी घेणाऱ्याचं तिकडे लक्ष कुठून जाणार? एकामागून एक चौघं आंघोळीला गेले तर शेवटच्याला धोका सर्वांत जास्त.

यावर खरा उपाय एकच: गिझर बाथरूमबाहेर, उघड्या गॅलरीत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी घ्या. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीत कोळशाची शेगडी घेऊन बंद खोलीत झोपतात, तिथेही हाच वायू साचतो.

गॅसगळतीचा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. त्यासाठी वेगळा अलार्म लागतो. सिलिंडरवाल्या घरात गळतीचा अलार्म जमिनीपासून फूटभरावर, पाइपच्या गॅसला छताजवळ. कार्बन मोनॉक्साइड हवेत सगळीकडे मिसळतो, म्हणून त्याचा अलार्म श्वासाच्या उंचीवर चालतो.

आंघोळ करताना डोकं जड झालं, मळमळलं, पाय लटपटले तर अंगावरचा साबण तसाच ठेवून बाहेर या. कोणी आत पडलं असेल तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत ओढा, गिझर बंद करा, 108 ला बोलवा. बोटाला ऑक्सिमीटर लावून 98 दिसलं म्हणून थांबू नका: हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या 200 पटींहून घट्ट चिकटतो आणि साध्या ऑक्सिमीटरला तो ऑक्सिजनच वाटतो. असा रुग्ण फिट किंवा हार्ट अटॅकचा समजला जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता. मग ते लगेच ऑक्सिजन लावून रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तपासायला पाठवतील.