काळोखी कल्पितविश्वे

अन्याय, ऱ्हास किंवा विनाश हाच जिथला नियम असतो आणि नायकाच्या धडपडीने तो फारसा हलत नाही, अशी कथा-कादंबऱ्या, चित्रपट आणि खेळांमधली जगे. हुकूमशाहीने ग्रासलेला भविष्यकाळ म्हणजे डिस्टोपिया, महाविनाशानंतरची ओसाड पृथ्वी आणि नीती मोडून पडलेली अद्भुतसृष्टी म्हणजे ग्रिमडार्क, हे त्यांचे ठळक प्रकार.

भयकथेशी यांची नेहमी गल्लत होते. भयकथेत अमंगळ बाहेरून येते. नारायण धारपांच्या ‘समर्थ’ या पात्राभोवतीच्या कथांत घरात शिरलेली दुष्ट शक्ती कितीही प्रबळ असो, तिच्याहून थोर शक्ती पाठीशी उभी असते; संकट टळले की घर पुन्हा घर होते. काळोख्या विश्वात पूर्ववत व्हायला मुळात काही शिल्लक नसते. तरीही वाचक तिथे आपल्या पायाने जातो आणि बरेचदा पुन्हा जातो.

या परंपरेची एक जुनी खूण १८१६ सालची आहे. आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता आणि त्यामुळे युरोपात १८१६ मध्ये उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी मुक्कामाला असलेल्या इंग्रज कवी बायरनने तेव्हा सूर्य विझलेल्या पृथ्वीवर एक कविता लिहिली. तिच्यात एका महानगरातली शेवटची दोन माणसे, एकमेकांची वैरी, वेदीपाशी राख उकरून फुंकर घालतात. क्षणभर जाळ होतो, त्या उजेडात त्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात आणि त्या दर्शनानेच ती मरतात. विसाव्या शतकात काळोखाचे कारण निसर्गाकडून राज्यसत्तेकडे सरकले. येवगेनी झाम्यातिन हा रशियन जहाजबांधणी अभियंता. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये बर्फफोडी जहाजांच्या बांधणीवर त्याने देखरेख केली होती. १९२०-२१ मध्ये लिहिलेल्या त्याच्या कादंबरीत माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि घरांच्या भिंती काचेच्या आहेत. ती १९२४ मध्ये इंग्रजीत आली. सोव्हिएत संघात छापली जायला मात्र १९८८ साल उजाडले. बिहारमधल्या मोतीहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलने क्षयाशी झगडत, स्कॉटलंडच्या जुरा बेटावर ‘१९८४’ पुरी केली. ८ जून १९४९ रोजी ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्या जानेवारीत तो गेला. ग्रिमडार्क हे नाव बरेच अलीकडचे. १९८७ साली ब्रिटनमध्ये आलेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळाच्या घोषवाक्यातून ते रुळले.

दुःख बघून सुख का होते, हा प्रश्न भारतीय काव्यशास्त्राने फार आधी विचारला होता. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त सरळ युक्तिवाद केला : करुणरसात दुःखच असते तर त्याकडे कोणी वळले नसते, आणि मग रामायणही दुःखाचे कारण ठरले असते. त्याआधी बाराव्या शतकात ‘नाट्यदर्पण’कार रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी निराळी बाजू घेतली होती. त्यांच्या मते रस सुखात्मक असतो तसाच दुःखात्मकही असतो. मराठीत न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदा साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपण आपणच आहोत हे भान त्याला सुटत नाही. या दुहेरी अवस्थेत वाङ्मयीन आनंद आहे, असे त्यांचे म्हणणे. काळोख्या विश्वांना ही उपपत्ती चपखल लागू पडते. छळछावणीत आपण असतो आणि नसतोही.

आधुनिक मानसशास्त्र याच्या जवळपास पोहोचले आहे. पॉल रोझिन यांनी झणझणीत मिरची आणि रडवणारा चित्रपट यांची आवड एकाच खात्यात घातली : शरीर धोक्याचा इशारा देत असते आणि मनाला ठाऊक असते की धोका नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोल्टन स्क्रिव्हनर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात भयपटांच्या चाहत्यांनी कोविडच्या काळात मानसिक त्रास तुलनेने कमी झाल्याचे नोंदवले. मात्र त्यावरून भयपटांमुळे माणूस खंबीर होतो, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

पण सुरक्षित अंतर हे अर्धेच उत्तर आहे. ते भीती का सोसते हे सांगते, ओढ का लागते हे सांगत नाही. ओढीचे खरे कारण असे की, या जगांत लहान गोष्टींना अफाट किंमत येते. ‘१९८४’मधला विन्स्टन जुन्या सामानाच्या दुकानातून काचेचा एक पेपरवेट घेतो. आत पोवळ्याचा गुलाबी तुकडा आहे, वस्तू निरुपयोगी आहे, पण जुनी आणि सुंदर आहे, म्हणूनच ती जवळ बाळगणे संशयास्पद आहे. एखाद्या सुखी कादंबरीत ही खरेदी कोणाच्या लक्षातही राहिली नसती. इथे ती बंड ठरते. अटकेच्या वेळी पेपरवेट फुटतो, पोवळ्याचा कण चटईवर घरंगळतो, आणि तो नेहमीच किती लहान होता हे विन्स्टनला जाणवते. सगळी कादंबरी अंगावर येते ती अशा जागी. ‘डार्क सोल्स’ या २०११ सालच्या जपानी व्हिडिओ गेममध्ये हेच वेगळ्या रीतीने घडते. मरणपंथाला लागलेल्या राज्यात खेळाडूला विसावा मिळतो तो शेकोटीपाशी. पण तिथे टेकले की मारलेले बहुतेक शत्रू पुन्हा उभे राहतात. विश्रांतीचीही किंमत मोजायला लागते, म्हणून ती शेकोटी दिसताच जीवात जीव येतो.

मराठीत या जातीचे सर्वांत समर्थ विश्व जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांनी उभे केले. त्यांच्या सुरुवातीच्या कथांत काळोख घरादारातला, नात्यागोत्यातला आहे. पुढे ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांत तो ओळखीचा मुलूख सोडून रूपकाच्या प्रदेशात जातो. तिथली माणसे नियतीपुढे हरतात, पण प्रश्न विचारणे सोडत नाहीत. जीएंचा वाचक त्यांच्याकडे परत जातो तो या हट्टासाठी. निव्वळ निराशा एवढी वर्षे कोणाला धरून ठेवू शकत नाही.

या प्रकारावरचा गंभीर आक्षेप असा की, क्रौर्य देखणे करून मांडले की काहींना ते हवेसे वाटू लागते. ‘वॉरहॅमर’मधले मानवी साम्राज्य मुळात उपहासातून रचलेले, द्वेषावर पोसलेले आहे, तरी त्याला आदर्श मानणारे इतके पुढे आले की, साम्राज्य द्वेषावर चालते, खेळ नव्हे, असा जाहीर खुलासा २०२१ मध्ये खेळाच्या निर्मात्यांना करावा लागला. जिथे काळोखाची झळ कोणाला बसताना दिसत नाही, तिथे तो नुसती सजावट होतो आणि हा आक्षेप रास्त ठरतो. याची दुसरी बाजू थायलंडमध्ये दिसली. २०१४ च्या लष्करी उठावानंतर बँकॉकमध्ये निदर्शक सार्वजनिक जागी ‘१९८४’ वाचत उभे राहिले, तर ‘हंगर गेम्स’ चित्रपटांतला तीन बोटांचा सलाम ही विरोधाची खूण झाली आणि लष्कराने ती करणाऱ्यांना ताब्यात घेतले. २०२१ मध्ये तोच सलाम म्यानमारच्या रस्त्यांवर आला.